लिंकनच्या बिशपवरचा खटला : वेदीपाशी केलेल्या सात कृती आणि अँग्लिकन ओळख

अँग्लिकन मंडळी, म्हणजे इंग्लंडची मंडळी आणि तिच्या परंपरेतल्या मंडळ्या, कॅथलिक की प्रॉटेस्टंट, हे ग्रंथ उघडून ठरवायला बसले तर दोन्ही बाजूंना हवा तेवढा पुरावा मिळतो. तिची शिकवण सांगणाऱ्या १५७१ च्या ३९ कलमांपैकी अठ्ठाविसावे कलम सांगते की, भाकर व द्राक्षारस यांचे मूळ तत्त्व बदलून ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते ही रोमन शिकवण शास्त्रातून सिद्ध होत नाही. त्याच मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात (हे तिच्या उपासनाविधींचे अधिकृत पुस्तक; १५४९, १५५२, १५५९ आणि १६६२ या त्याच्या आवृत्त्या पुढे येतील) बिशप, प्रीस्ट आणि डीकन ही तिन्ही पदे आहेत, प्रीस्टने उच्चारायची पापक्षमा आहे आणि ‘एक, कॅथलिक व प्रेषितीय मंडळी’वरचा विश्वासही आहे. या वचनांची ओढाताण कधी संपणार नाही. त्यापेक्षा ही मंडळी स्वतःला प्रत्यक्षात काय समजते हे पाहायचे असेल, तर तिने वेदीपाशी कोणती कृती चालू दिली, कोणती थांबवली आणि कोणत्या कारणाने, हे तपासावे. यासाठी इंग्लंडमधल्या लिंकनचे बिशप एडवर्ड किंग यांच्यावरचा खटला फार उपयोगी आहे, कारण त्यात प्रत्येक हालचालीचा स्वतंत्र विचार झाला आणि प्रत्येकीचे कारण लिहून ठेवले गेले.

तक्रार काय होती

४ डिसेंबर १८८७, रविवार. लिंकन शहरातल्या सेंट पीटर अ‍ॅट गॉट्स या चर्चमध्ये बिशप किंग यांनी प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर व द्राक्षारस पवित्र करून वाटण्याचा, विधी चालवला. १० डिसेंबरला लिंकन कॅथीड्रलमध्येही चालवला. या दोन विधींवरून पुढे आरोपपत्र तयार झाले. विधी चालू असताना त्यांनी प्याल्यातल्या द्राक्षारसात पाणी मिसळले आणि तोच मिश्र प्याला पवित्र केला. सुरुवातीच्या प्रार्थनांच्या वेळी ते पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून उभे राहिले. पवित्रीकरणाच्या प्रार्थनेच्या वेळीही तसेच उभे राहिल्यामुळे भाकर मोडणे आणि प्याला हाती घेणे लोकांना दिसले नाही. त्या प्रार्थनेनंतर ‘हे देवाच्या कोकरा’ हे गीत गायले गेले. पापक्षमा आणि आशीर्वाद उच्चारताना त्यांनी हाताने हवेत क्रुसाची खूण केली. शेवटी प्याला व थाळी विसळून ते पाणी सगळ्यांसमोर प्यायले. आणि उजेडाची गरज नसताना वेदीवर दोन मेणबत्त्या जळत होत्या.

तक्रारदार चौघे होते, त्यांत क्लीथॉर्प्सचे वकील अर्नेस्ट डी लेसी रीड प्रमुख. त्यांच्यामागे ‘चर्च असोसिएशन’ ही १८६५ साली स्थापन झालेली प्रॉटेस्टंट संस्था आणि तिचा पैसा उभा होता. या सात कृती एकत्र आल्या की तो रोमचा मिस्सा, म्हणजे रोमन कॅथलिकांचा प्रभुभोजनविधी, होतो, आणि मिस्सा तर इंग्लंडने सोळाव्या शतकात टाकून दिला, असे तिचे म्हणणे होते.

थेट बिशपलाच का गाठले, याचे कारण आधीच्या कायद्यात आहे. १८७४ च्या सार्वजनिक उपासना नियमन कायद्यानुसार एखाद्या चर्चचे तीन रहिवासी आपल्या प्रीस्टविरुद्ध बिशपकडे तक्रार करू शकत. बिशपने ती अडवली नाही, तर ती लॉर्ड पेन्झन्स यांच्यापुढे जाई. हे गृहस्थ पूर्वी घटस्फोटाच्या कोर्टाचे न्यायाधीश होते. उपासनेबाबत अशा न्यायाधीशाचा हुकूम मानायला अनेक प्रीस्टांनी नकार दिला आणि कोर्टाच्या अवमानाबद्दल पाच जण तुरुंगात गेले : आर्थर टूथ १८७७ मध्ये, डेल आणि एनराइट १८८० मध्ये, ग्रीन १८८१ मध्ये, बेल कॉक्स १८८७ मध्ये. ग्रीन वीस महिन्यांच्या आसपास लँकेस्टरच्या किल्ल्यात होते. लोकांची सहानुभूती कैद्यांकडे वळली आणि बिशप आपला नकाराधिकार वापरू लागले. प्रीस्टांपर्यंत पोचायचा रस्ता असा बंद झाल्यावर असोसिएशनने नकाराधिकार ज्याच्या हाती आहे त्यालाच पकडले.

न्याय कोणी करायचा

बिशपवर खटला चालवायला १८७४ चा कायदा उपयोगाचा नव्हता. तक्रार कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांच्याकडे गेली. आर्चबिशपने एकट्याने आपल्या हाताखालच्या बिशपचा न्याय केल्याचा सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतरचा दाखला शोधू गेले तर सेंट डेव्हिड्सचे बिशप वॉटसन यांचे १६९९ चे प्रकरण तेवढे हाती लागले. बेन्सन यांना स्वतःच्या अधिकाराची खात्री नव्हती. प्रिव्ही कौन्सिल या न्यायालयाने ऑगस्ट १८८८ मध्ये तो अधिकार आहे असे सांगितले. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी लँबेथ राजवाड्याच्या ग्रंथालयात कोर्ट बसले. आपला न्याय प्रांतातल्या सर्व बिशपांनी मिळून करावा, ही किंग यांची हरकत मे महिन्यात फेटाळली गेली. बेन्सन यांच्या बाजूला सल्लागार म्हणून बिशपच बसले होते. त्यांत लंडनचे फ्रेडरिक टेंपल, ऑक्सफर्डचे विल्यम स्टब्ज आणि सॉल्सबरीचे जॉन वर्ड्सवर्थ होते. स्टब्ज हे इंग्लंडच्या राज्यघटनेच्या इतिहासाचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार.

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण ओळखीच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथेच आहे. प्रिव्ही कौन्सिल हे राजसत्तेचे न्यायालय. मंडळी म्हणजे देशाच्या कायद्याने घडवलेली प्रॉटेस्टंट व्यवस्था असे मानणाऱ्याला ते पुरेसे आहे. मंडळी ही प्रेषितांपासून चालत आलेली संस्था आहे असे मानणाऱ्याला उपासनेचा निर्णय बिशपांकडूनच हवा. किंग यांनी प्रिव्ही कौन्सिलपुढे मान तुकवली नसती. आर्चबिशपचे कोर्ट धार्मिक होते, म्हणून त्याचा निर्णय ते पाळू शकत होते. १८७४ च्या कायद्याने जे बिघडवले होते, ते न्याय करणारी जागा बदलताच सुटू लागले.

अधिकाराचा हाच प्रश्न त्याच सुमारास एका मराठी बाईनेही विचारला होता. वाँटेजच्या सेंट मेरी संघाच्या सिस्टर १८७७ पासून पुण्यात काम करत होत्या. पंडिता रमाबाई त्यांच्याकडे इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा तिथे बाप्तिस्मा झाला. हा संघ अँग्लिकनांच्या कॅथलिक वळणाचा. त्याचे संस्थापक विल्यम बटलर १८८५ पासून लिंकन कॅथीड्रलचे डीन (प्रमुख पाळक) होते, म्हणजे १० डिसेंबरचा तो विधी त्यांच्याच कॅथीड्रलमध्ये झाला. रमाबाईंनी १८८५ मध्ये याच संघाच्या सिस्टर जेराल्डीन यांना स्पष्ट कळवले की, आपल्या देशातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता तसलेच दुसरे जू मानेवर घेण्याची इच्छा नाही. सद्सद्विवेक आणि शास्त्र यांना मंडळीच्या आज्ञेपेक्षा वर ठेवणारा हा प्रॉटेस्टंट आवाज कॅथलिक वळणाच्या अँग्लिकन घरातच उठला. त्या घराजवळ त्यावर तयार उत्तर नव्हते, हे सिस्टरांशी झालेल्या पत्रव्यवहारात पानोपानी दिसते.

सात मुद्द्यांचा निकाल

निकाल २१ नोव्हेंबर १८९० रोजी आला. चार कृती निर्दोष ठरल्या, एक अर्धी चालली, दोन थांबवायला सांगितल्या. खर्चाचा हुकूम कोणाविरुद्धही नाही.

उभे राहण्याच्या जागेचा मुद्दा सर्वांत गुंतागुंतीचा. प्रार्थनापुस्तकातली सूचना म्हणते की प्रीस्टने मेजाच्या ‘उत्तर बाजूला’ उभे राहावे. ही सूचना १५५२ ची. तेव्हा दगडी वेद्या काढून लाकडी मेजे आणली गेली होती आणि मेज चर्चच्या लांबीच्या दिशेने, पूर्व-पश्चिम मांडत. त्यामुळे मेजाची लांब बाजू उत्तरेला येई आणि तिथे उभा राहिलेला प्रीस्ट दोन्ही हातांनी सहज काम करी. १६३० च्या दशकात आर्चबिशप लॉड यांनी मेजे पुन्हा पूर्वेच्या भिंतीला लावली आणि पुढे कठडे बसवले. आता मेज उत्तर-दक्षिण आले, उत्तरेला उरली ती मेजाची आखूड कड. सूचना मात्र १६६२ च्या पुस्तकातही तीच राहिली. आखूड कडेला उभे राहणारे स्वतःला सूचनेशी प्रामाणिक समजत, पण त्यांचीही जागा १५५२ ची नव्हतीच. बेन्सन यांनी हा सारा फर्निचरचा इतिहास तपासला. मूळ अर्थाने ती सूचना पाळणे आता शक्य राहिलेले नाही, तेव्हा एकाच जागेची सक्ती करता येत नाही, असे त्यांनी ठरवले. पूर्वेकडे तोंड करणे कायदेशीर झाले.

पण पवित्रीकरणाच्या प्रार्थनेची सूचना वेगळी आहे. भाकर ‘लोकांसमोर’ मोडावी असे ती शब्दांत सांगते. म्हणून तिथे निकाल किंग यांच्या विरुद्ध गेला : तोंड कुठेही असो, हातांची कृती लोकांना दिसलीच पाहिजे. मला हा निकालाचा सर्वांत अचूक भाग वाटतो. प्रीस्ट लोकांबरोबर एका दिशेला तोंड करून देवापुढे उभा आहे, ही जुनी कॅथलिक समज त्याने राहू दिली. जे घडते ते लोकांपासून झाकून ठेवू नये, हा धर्मसुधारणेचा आग्रहही त्याच वाक्यात पाळला.

पाणी मिसळण्याबाबत १५४९ चे पुस्तक ‘थोडे शुद्ध, स्वच्छ पाणी’ घालायला सांगत होते. १५५२ ला ती सूचना वगळली गेली. पुस्तकाने काढून टाकलेली विधीतली क्रिया पुन्हा घालता येणार नाही, म्हणून विधी चालू असताना पाणी ओतणे थांबवावे. पण मिश्र प्याला ही अतिप्राचीन आणि रोमपुरती मर्यादित नसलेली प्रथा आहे, पूर्वेकडच्या मंडळ्याही ती पाळतात, आणि पुस्तकाने ती निषिद्ध केलेली नाही. तेव्हा विधी सुरू होण्याआधी पाणी मिसळून ठेवलेला प्याला वापरायला हरकत नाही. ज्यांना हा निव्वळ शब्दच्छल वाटतो त्यांनी लक्षात घ्यावे की इथे वस्तू आणि क्रिया वेगळ्या केल्या आहेत. प्याल्यात काय आहे हे ख्रिस्ती परंपरेच्या मोठ्या प्रवाहाशी जोडलेले राहते, विधी कसा चालतो हे इंग्लंडचे पुस्तक ठरवते.

‘देवाचा कोकरा’ हे गीत १५४९ ला होते, १५५२ ला गेले. तरी ते चालले. शब्द योहानाच्या शुभवर्तमानातले आहेत, आणि पुस्तकात न छापलेले प्रत्येक गीत बेकायदा म्हटले तर प्रॉटेस्टंट चर्चमधली स्तोत्रे आधी बंद करावी लागली असती. विधी संपल्यावर भांडी विसळून पाणी पिणेही चालले. उरलेली भाकर व द्राक्षारस चर्चबाहेर नेऊ नये, आदराने संपवावे, ही १६६२ ची सूचना आहे. शेवटचा कण आणि थेंब पाळणे हे त्या सूचनेच्या पलीकडे जात नाही. दोन मेणबत्त्या १५४७ च्या राजाज्ञेत मोठ्या वेदीसाठी स्पष्ट सांगितल्या होत्या आणि त्यांचा वापर पुढेही सापडतो, म्हणून त्याही चालल्या.

क्रुसाची खूण मात्र बंद झाली. पुस्तक बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर क्रुसाची खूण करायला सांगते, आणि प्युरिटनांच्या, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांच्या, विरोधामुळे १६०४ च्या तिसाव्या कॅननमध्ये (मंडळीच्या नियमात) तिचे खास समर्थन केले आहे. म्हणजे मंडळीला क्रुसाच्या खुणेचे वावडे नव्हते. पण जिथे सांगितलेली नाही तिथे ती विधीत नव्याने जोडलेली क्रिया ठरते.

या निकालामागची पद्धत

सात उत्तरे शेजारी ठेवली की एक पद्धत दिसते. कृती १५५९ च्या, म्हणजे राणी एलिझाबेथच्या प्रार्थनापुस्तकाच्या, आधीची आहे, एवढ्यावर ती मान्य होत नाही. रोममध्ये चालते, एवढ्यावर ती नाकारलीही जात नाही. एखाद्या कृतीला विरोधक जो अर्थ लावतात तोच तिचा अर्थ, हे बेन्सन मानत नाहीत. ते पुस्तकाची सूचना शब्दशः घेतात आणि ती धर्मसुधारणेआधीपासून अखंड चालत आलेल्या इंग्लंडच्या मंडळीच्या इतिहासात ठेवून वाचतात. पुस्तक सुधारलेले आहे, पण ते ज्यांच्या हाती आहे ती मंडळी नवी नाही. ‘दोन्ही’ या उत्तराचा अँग्लिकन अर्थ मला एवढाच दिसतो, आणि तो मला पटतो. अर्धा कॅथलिक आणि अर्धा प्रॉटेस्टंट माल एका भांड्यात घोटला, असा तो अर्थ नाही.

ही पद्धत १८९० ला अचानक जन्मली नाही. १५४९ ला भाकर देताना म्हणत की, तुझ्यासाठी दिलेले प्रभू येशू ख्रिस्ताचे शरीर तुझे शरीर व आत्मा सार्वकालिक जीवनासाठी राखो. १५५२ ला हे काढून त्या जागी आले की, ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याच्या आठवणीसाठी हे घे व खा, आणि विश्वासाने आपल्या अंतःकरणात त्याच्यावर पोषण पाव. १५५९ ला एलिझाबेथच्या पुस्तकाने दोन्ही वाक्ये एकामागोमाग छापली. घेणाऱ्याने कोणत्या वाक्यावर भर द्यावा हे कुठेच सांगितले नाही. घेणारा गुडघे टेकून घेतो, एवढे मात्र सांगितले.

आधीच्या न्यायालयीन निर्णयांना बेन्सन यांनी अंतिम मानले नाही, हेही नोंदवायला हवे. १८७१ च्या पर्चस खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने पूर्वेकडे तोंड करणे आणि मिश्र प्याला दोन्ही बेकायदा ठरवले होते. बेन्सन यांनी ऐतिहासिक पुरावा पुन्हा पाहिला आणि वेगळे ठरवले. तक्रारदार अपिलात गेले. २ ऑगस्ट १८९२ रोजी प्रिव्ही कौन्सिलने अपील फेटाळले, आणि इतिहासाचा नवा पुरावा आल्यास आधीचा निर्णय पुन्हा तपासता येतो हे मान्य केले. मेणबत्त्यांचा मुद्दा मात्र त्यांनी टाळला : त्या बिशपने लावल्या नव्हत्या, म्हणून तो जबाबदार नाही, एवढेच म्हटले. किंग यांनी निकालातल्या प्रतिकूल बाबी पाळल्या.

निकाल कुठे तोकडा पडला

बेन्सन यांनी कृतीमागच्या हेतूची चौकशी केली नाही. इंग्लंडमध्ये शांतता त्यामुळेच आली. रोमने मात्र नेमकी तीच चौकशी केली. १३ सप्टेंबर १८९६ च्या आज्ञापत्रात पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन दीक्षा, म्हणजे बिशप, प्रीस्ट व डीकन नेमण्याचे विधी, पूर्णपणे शून्य ठरवल्या. दीक्षाविधीतून यज्ञ आणि पौरोहित्य दाखवणारे शब्द सोळाव्या शतकात मुद्दाम काढले गेले, तेव्हा त्या काढण्यातच हेतू दिसतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. लिंकनचा निकाल म्हणतो की वगळण्याने फक्त ती क्रिया जाते. रोम म्हणते की वगळण्याने श्रद्धा उघड होते. १८९७ चे लॅटिन उत्तर कँटरबरी आणि यॉर्कच्या आर्चबिशपांनी पाठवले. त्या वेळी कँटरबरीला टेंपल होते, आणि उत्तराचे बरेचसे काम वर्ड्सवर्थ यांनी केले. दोघेही लँबेथच्या त्या ग्रंथालयात बेन्सन यांच्या शेजारी बसलेले. प्राचीन दीक्षाविधींतही ते शब्द नेहमी नव्हते, मग त्या दीक्षाही शून्य ठरतील, असे त्यांनी दाखवून दिले.

दुसरा तोकडेपणा घरातला. निकाल पुस्तकाच्या शब्दावर उभा होता, आणि पुस्तक बदलायचा अधिकार संसदेकडे होता. मंडळीने तयार केलेले सुधारित प्रार्थनापुस्तक हाउस ऑफ कॉमन्सने डिसेंबर १९२७ मध्ये २३८ विरुद्ध २०५ मतांनी आणि जून १९२८ मध्ये २६६ विरुद्ध २२० मतांनी फेटाळले. आजारी माणसाला नेऊन देण्यासाठी पवित्र भाकर राखून ठेवण्याची त्यातली तरतूद प्रॉटेस्टंट खासदारांना खटकली. बिशपांनी ते पुस्तक तरीही वापरू दिले. १८७४ चा कायदा १९६३ ला रद्द झाला. बेन्सन यांनी थांबवलेली क्रुसाची खूण आणि विधीतच पाणी मिसळणे आता असंख्य अँग्लिकन चर्चमध्ये चालते. दुसऱ्या बाजूला मेज भिंतीपासून पुढे आले, प्रीस्ट त्याच्या मागे लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला, आणि रोमन चर्चमध्येही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तसेच झाले.

वेदीपाशी काय करायचे, याचा निकाल लिंकनने दिला. तिथे उभे राहायचा अधिकार कोणाला, हे त्याच्या कक्षेत नव्हते, आणि पुढची भांडणे तिथेच झाली. इंग्लंडमध्ये मेथॉडिस्टांशी ऐक्याचा आराखडा १९७२ ला आवश्यक ७५ टक्के मते न मिळाल्याने पडला. बिशपकडून दीक्षा न घेतलेल्या पाळकांना कसे सामावून घ्यायचे, इथे तो अडला होता. त्याआधीच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तिथे सर्व मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवले आणि कोणाच्या दीक्षेत काय उणे होते हे शब्दांत न मांडता ते देवावर सोपवले. पुण्याच्या पंचहौदाचे पवित्र नाम देवालय कॅथलिक वळणाच्या अँग्लिकनांनी १८८५ साली उभारले. आज ते याच मंडळीत आहे, आणि ही मंडळी अँग्लिकन, मेथॉडिस्ट व रिफॉर्म्ड या तिन्ही जागतिक संघांची सदस्य आहे.